अ‍ॅन बोलीन : बायकोच नव्हती, तर व्यभिचार कसला?

अ‍ॅन बोलीन म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची दुसरी राणी. तिच्या एका हाताला सहा बोटं होती, असं कुणीतरी म्हटलंय म्हणून लिहितो. ती गोष्ट निकोलस सँडर या कॅथलिक लेखकाची, अ‍ॅन गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिलेली. तिला मारलं तेव्हा हा लहान पोर होता, त्यामुळे मी ती सोडूनच देतो.

मला खटकतो तो तिच्यावरचा व्यभिचाराचा खटला. पाच पुरुषांशी संबंध, त्यात सख्खा भाऊ जॉर्जही! कबुली दिली ती एकट्या मार्क स्मीटनने. दरबारातला वादक, पाचांत तोच काय तो साध्या घरचा. पुढचं तर अजबच. १७ मे १५३६ ला आर्चबिशप (इंग्लंडचा मुख्य धर्मगुरू) क्रॅनमरने राजाराणीचं लग्न मुळातच अवैध ठरवलं. म्हणजे ती हेन्रीची बायको नव्हतीच, मग व्यभिचार कुठून आला? पण आठव्या हेन्रीला हे विचारणार कोण! १९ मेला टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरच्छेद झाला. 'मेहेरबानी' एवढीच, की कुऱ्हाडीऐवजी तलवार, आणि ती चालवणारा खास बाहेरून मागवलेला. दुसऱ्या दिवशी हेन्रीचा जेन सीमोरशी वाङ्‌निश्चय, ३० मेला लग्न.

अ‍ॅन गरीब गाय होती असं मात्र नाही. सावत्र मुलगी मेरीला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या, एलिझाबेथच्या दिमतीला धाडलं, ते तिच्याच राज्यात.