नकाशातून बस पुसली आणि म्हाताऱ्यांना जागा मिळाली. हे योग्य झालं का? (वाचकांची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शेवटचा थांबा

परवा कपाट आवरताना एप्रिल २०२४ मधलं वर्तमानपत्राचं एक कात्रण हाती लागलं. तेव्हा गंमत वाटली म्हणून कापून ठेवलं होतं. आता पुन्हा वाचलं तर गंमत वाटली नाही, थोडा हेवाच वाटला.

बातमी बार्सिलोनाची. तिथल्या ला सालुत नावाच्या चढउताराच्या वस्तीतून ११६ क्रमांकाची एक छोटी बस जाते. जवळच पार्क ग्वेल, म्हणजे वास्तुकार गाउदीची ती प्रसिद्ध बाग. फोनमधला नकाशा बागेकडे निघालेल्या पर्यटकांना हीच बस दाखवायचा. बस पाहुण्यांनी खच्चून भरायची आणि हातात पिशवी, काठी असलेले वस्तीतले म्हातारे थांब्यावरच राहायचे. वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या. शेवटी पालिकेने गूगलकडे मागणी करून तो मार्ग नकाशावरून काढायला लावला. बस बंद केली नाही, कोणाला मनाई केली नाही. फक्त फोनला ती दिसेनाशी झाली, आणि लोकांना बसायला जागा मिळू लागली.

मला हे फार आवडलं. पूर्वी एखादी वाट फक्त तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असायची. ती गुप्त नसायची, विचारलंत तर कोणीही सांगायचं, पण आधी थांबून विचारावं लागायचं. तेवढ्या एका अडथळ्यावर पुष्कळ गोष्टी टिकून होत्या. शहरालाही अधूनमधून गप्प बसायची मुभा हवी, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

उलटतपासणी

मला हे अजिबात पटलं नाही.

बस लोकांच्या पैशावर चालते, म्हणजे तिचं वेळापत्रक आणि मार्ग ही लोकांची माहिती. गर्दी झाली तर गाड्या वाढवा, फेऱ्या वाढवा, बागेसाठी वेगळी बस सोडा. यातलं काहीच न करता नकाशावर खोडरबर फिरवलं, आणि वर आपण टाळ्या वाजवायच्या?

सोव्हिएत संघात सार्वजनिक नकाशांवर रस्ते आणि नद्या मुद्दाम सरकवून छापत. सुमारे ५० वर्षं हे चाललं होतं, याची कबुली तिथल्या नकाशाखात्याच्या प्रमुखाने १९८८ मध्ये दिली. त्यांनाही आपला हेतू चांगलाच वाटत होता, देशाची सुरक्षा! हेतू चांगला असला की नकाशा बदलायला हरकत नाही हे एकदा मान्य केलं, की पुढचा हेतू कोण तपासणार?

शेवटचा थांबा

अहो, कुठली तुलना कुठे! सोव्हिएत नकाशा खोटं सांगत होता, नदी नाही तिथे नदी. इथे बस खरी आहे, थांबा खरा आहे, गाडीच्या कपाळावर नंबर आहे. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक करायचा की नाही?

दोन बोटं

मला एकच शंका आहे. ११६ लपवली ही बातमी जगभर छापून आली. म्हणजे आधी जे लोक नकाशात बघून त्या बसमध्ये बसत होते, ते आता नंबर पाठ करून बसणार. बार्सिलोनाला कधीही न गेलेल्या मला तिथल्या एकाच बसचा नंबर माहीत आहे, आणि तो नेमका लपवलेल्या बसचा.

भूगोलमास्तर

थोडं विषयांतर, पण राहवत नाही.

पार्क ग्वेल ही मुळात बाग म्हणून ठरलेलीच नव्हती. एउसेबी ग्वेल या धनाढ्य उद्योगपतीला तिथे श्रीमंतांची वसाहत उभारायची होती, सुमारे ६० भूखंडांची. गाउदीचं काम १९०० मध्ये सुरू झालं आणि १९१४ मध्ये थांबलं, कारण भूखंड विकलेच गेले नाहीत. न विकले जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे पोचायला धड वाहन नव्हतं! टेकडीवर जाणार कोण? पुढे १९२६ मध्ये ती जागा सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. त्याच वर्षी गाउदी ट्रामखाली सापडून गेला, हा दैवाचा आणखी एक खेळ.

म्हणजे कोणालाच पोचता येईना म्हणून ती वसाहत बुडाली, आणि सगळ्यांनाच पोचता येऊ लागलं तेव्हा शेजारची वस्ती मेटाकुटीला आली. २०१३ पासून बागेच्या मुख्य भागाला तिकीट आणि माणसांची मर्यादा आहे, तरी गर्दी हटत नाही. १९८४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला असणार.

गॅलरीतली चिमणी

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. दिवसाला पाच-सहा घरं, बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे. नवीन पेशंट आला की पत्ता फोनमध्ये टाकते आणि फोन सांगेल त्या बसने जाते.

तुमच्या चर्चेत दोनच जातीची माणसं दिसताहेत, वस्तीतले आणि पर्यटक. मी दोन्हींत बसत नाही. मला ती वाट कोणी लहानपणी सांगितलेली नाही, आणि मी फोटो काढायलाही आलेले नाही. नकाशातून बस काढली की मी चढ चालत जाणार, उशिरा पोचणार, आणि ज्या आजींसाठी बस राखली त्यांचाच व्यायाम पंधरा मिनिटांनी कमी होणार. शिवाय अंध माणूस फोन ऐकून प्रवास करतो, त्याचं काय? थांबून विचारा हे सांगायला सोपं आहे. बोलता न येणाऱ्याने कोणाला विचारायचं?

शेवटचा थांबा, तुमचा मुद्दा मला भावला हेही खरं. पण तो कुठेही न जाणाऱ्या माणसाचा मुद्दा आहे.

जागरण

सगळे पालिकेने काय केलं यावर बोलताहेत. त्याआधी नकाशाने काय केलं होतं ते बघा ना.

पूर्वी शंभर पाहुणे आले तर ते शंभर जणांना वाट विचारत. एखादा पानवाला सांगे सरळ जा, एखादी बाई सांगे मागच्या जिन्याने जा, दहा जण चुकत, पाच जण कंटाळून परत फिरत. चुकण्यामुळेच गर्दी आपोआप पसरत असे. आता शंभर जण एकाच यंत्राला विचारतात आणि यंत्र शंभर जणांना एकच उत्तर देतं, कारण प्रत्येकाला एकेकट्यासाठी तेच उत्तर सर्वांत सोयीचं असतं. उत्तर बरोबर असतं, आणि शंभरदा दिलं की तेच चुकीचं होतं. त्या बसमधल्या खुर्च्या मोजून नकाशा उत्तर देत नव्हता.

म्हणून मी याला माहिती लपवणं म्हणत नाही. नकाशा शिफारस करत होता आणि पालिकेने ती शिफारस थांबवली. तसंही पाहुणे अडून बसलेले नाहीत. वल्लकार्का मेट्रो स्थानकाच्या बाजूने बागेकडे चढायला रस्त्यावर चक्क उघड्यावरचे सरकते जिने आहेत. धडधाकट माणसाने तिकडून जावं.

उलटतपासणी

म्हणजे गर्दी एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत टाकली. जिन्याशेजारी राहणाऱ्यांनी काय पाप केलं?

आणि शिफारस थांबवली म्हणता, तर नेमकं काय झालं ते बघा. नकाशाने "ही बस लहान आहे, दुसरा मार्ग बघा" असं सांगितलं असतं तर ती शिफारस बदलणं झालं असतं. इथे मार्गच काढून टाकला. वर चिमणीताईंनी जे लिहिलंय त्याचं उत्तर तुमच्या शंभर पाहुण्यांच्या हिशेबात कुठे आहे?

जपानमध्ये फुजीकावागुचिको गावाने मे २०२४ मध्ये असाच झाकाझाकीचा प्रयोग केला. एका दुकानाच्या छपरामागे फुजी पर्वत उभा दिसतो, त्या फोटोसाठी लोक रस्त्यात घुसायचे. गावाने समोर अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी ठोकली. आठवड्याभरात लोकांनी कॅमेऱ्याएवढी भोकं पाडली. झाकलं की लोक भोक पाडतात, हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये.

दोन बोटं

भोकातून फोटो काढला तर चौकट आयती मिळते, ते एक बरं.

शेवटचा थांबा

जाळी आणि ही बस एक नव्हे. जाळी डोळ्यांत खुपते, आव्हान देते. पुसलेली बस कोणालाच खुपत नाही, कारण ती नाही हे कळतच नाही.

उलटतपासणी

हेच, हेच! आत्ता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत. "नाही हे कळतच नाही." जाळीविरुद्ध निदान ओरडता तरी येतं. जी गोष्ट काढलीय हेच माहीत नाही तिच्याविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा?

त्याच बार्सिलोनाचं दुसरं उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये महापौर जौमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. फ्लॅटमालक खवळले, रहिवासी खूश झाले, वाद झाला. मला तो निर्णय आवडो न आवडो, तो चव्हाट्यावर घेतला. आकडा आहे, तारीख आहे, जबाबदार माणूस आहे. नकाशातल्या खाडाखोडीत यातलं काय आहे?

भूगोलमास्तर

उघडपणे करायला गेलं तर काय होतं त्याचीही एक बातमी आहे. न्यू जर्सीत लिओनिया नावाचं छोटं गाव आहे, न्यूयॉर्कला जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या जवळ. पुलावर तुंबलं की फोनमधले नकाशे गाड्यांना या गावाच्या आतल्या गल्ल्यांत वळवत. लोकांना सकाळी स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढणं मुश्कील. जानेवारी २०१८ मध्ये गावाने वटहुकूम काढून सुमारे ६० रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले, घुसलात तर २०० डॉलर दंड. त्याच वर्षी उन्हाळ्यात न्यायाधीशांनी तो रद्द केला. सार्वजनिक रस्ता कोण कुठला राहणारा हे विचारून बंद करता येत नाही.

म्हणजे चव्हाट्यावर गेलं की कोर्टात पडतं आणि गुपचूप केलं की चालून जातं. मी कोणाच्या बाजूचा आहे ते मलाच नीट ठरवता येत नाहीये. शिक्षक असल्यामुळे कदाचित.

जागरण

मास्तर, लिओनियाने रस्ता बंद केला, बार्सिलोनाने बस बंद केली नाही. हा फरक विसरू नका. ज्याला जायचंय तो अजूनही जाऊ शकतो.

दोन बोटं

सगळ्यांत सभ्य उपाय बर्लिनमध्ये २०२० साली एका कलावंताने दाखवला होता. ९९ जुने फोन एका हातगाडीत भरले, सगळ्यांवर नकाशा चालू ठेवला आणि रिकाम्या रस्त्याने गाडी ओढत निघाला. नकाशाला वाटलं ९९ मोटारी तुंबल्यात, रस्ता लाल झाला. ला सालुतच्या आजोबांनी पिशवीत भाजीबरोबर दहा-बारा फोन टाकायचे, झालं काम. पालिकाही नको, गूगलही नको.

शेवटचा थांबा

हसलो. पण चिमणीताईंचं उत्तर मी दोन दिवस टाळतोय, ते द्यायला हवं.

माझं वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही गेलेले. बातमी वाचताना मी थेट त्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो होतो. मला भरलेली बस दिसली, त्या आजोबांच्या घरी येणारी मुलगी दिसली नाही. माझ्या गुडघ्यांनाही एक मुलगी व्यायाम देऊन जाते आणि ती फोन बघतच येते, हे मला तुमचं वाचल्यावर आठवलं. हे चुकलं.

तरी अर्धवट हार मानतो. बागेचं नाव टाकलं तर ११६ दाखवू नये आणि वस्तीतल्या घराचा पत्ता टाकला तर दाखवावी, एवढं केलं तर?

दोन बोटं

मग मी बागेच्या फाटकासमोरच्या घराचा पत्ता टाकीन.

उलटतपासणी

पहिल्यांदाच दोन बोटांशी सहमत. पण शेवटचा थांबा, तुमची ही सूचना तुमच्या मूळ मतापेक्षा कितीतरी बरी आहे. फक्त तसं केलंय हे नकाशावर बारीक अक्षरात का होईना लिहा. "या बसची शिफारस पालिकेच्या विनंतीवरून केली जात नाही." मग माझी तक्रार संपली.

जागरण

तेवढं लिहिलं की पाहुणा आधी तीच बस शोधणार. माणूस ओळखता की नाही तुम्ही?

गॅलरीतली चिमणी

तुम्ही भांडत असताना काल माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. नवीन पेशंट, नवीन भाग. नकाशा म्हणाला बस नाही, बावीस मिनिटं चाला. आजींना फोन केला की उशीर होईल, तर त्या म्हणाल्या, "चालतेस कशाला? कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभी राहा, पांढरी छोटी गाडी येते." उभी राहिले. आली. आत सात-आठ जण, सगळे एकमेकांना ओळखणारे. मला बघून एक काका सरकले आणि कोणाकडे चाललीस विचारलं. नाव सांगितल्यावर ड्रायव्हरने गाडी आजींच्या दारात थांबवली.

ती गाडी नकाशात मुद्दाम ठेवलेली नाही की कोणी घालायचीच राहिली, देव जाणे. परत येताना मी फोनमध्ये "राहिलेली माहिती जोडा" उघडलं, थांबा टाकला, मार्ग टाकला. अजून पाठवलेलं नाही. पाठवू का?

उलटतपासणी

पाठवा. तुमच्यानंतर येणारीला आजींचा फोन नंबर माहीत नसेल.

शेवटचा थांबा

थांबा जरा. त्या गाडीत एकूण जागा किती होत्या?

गॅलरीतली चिमणी

बारा.