सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘प्रथम’ला देणगी द्यावी का?

अनामिका (धागाकर्ती):
आमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या गटाने या वर्षीचा निधी ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेला द्यावा असे मी सुचवले आणि त्यावर तीव्र मतभेद झाले, म्हणून हा विषय येथे मांडते आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९४ मध्ये युनिसेफ आणि मुंबई महापालिकेच्या साथीने वस्त्यांमधील बालवाड्यांपासून सुरू केलेले हे काम आज देशभर पसरले आहे. माझा आग्रह मात्र सहावी ते आठवीच्या मुलांपुरता आहे. ‘प्रथम’च्याच पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या, ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ अहवालात २०२२ साली असे दिसले की, ग्रामीण भारतातील आठवीच्या शंभरपैकी सुमारे तीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमत नाही. पायाभूत वाचन-गणितासाठीचे केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, तेही तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. त्या वेळी महामारीने शाळा बंद होत्या आणि तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली मुले आता वरच्या वर्गांत बसली आहेत. त्यांच्यासाठी कोण काम करणार?

खडूफळा:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाचे शिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे, आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. पद रिकामे असताना देणगीदार येऊन ती उणीव झाकतात, तेव्हा पदभरती मागणाऱ्या पालकांचा आवाज दुबळा होतो. शिवाय शिक्षकांना हे काम जमत नाही, असेही नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभर वाचनशिबिरे घेतली आणि मुलांचे वाचन सुधारले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञांच्या चमूने ते मोजले आहे. शिक्षकाला मोकळा वेळ द्या, एवढीच मागणी करायला हवी.

अनामिका:
त्याच अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा. बिहारमधल्या शिक्षकांना नेहमीच्या शालेय वर्षात केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा वाचनात काही फरक पडला नाही, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दडपणाखाली ‘प्रथम’ची नवी पद्धत मागे पडते. हरियाणात मुलांचे इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट करून त्यासाठी रोजचा एक तास राखून ठेवला आणि वर देखरेख ठेवली, तेव्हा हिंदी सुधारली. हा तास राखून ठेवायला हवा, हे शासनाला कोणी दाखवून दिले? वर्षानुवर्षे अपयशासकट नोंदी ठेवणाऱ्या ‘प्रथम’नेच. शासनाची जबाबदारी मला पूर्ण मान्य आहे, परंतु ती पार पडेपर्यंत सातवीतली मुलगी थांबून राहू शकत नाही. तिला विज्ञानाचा धडा याच वर्षी वाचायचा आहे.

पूर्णविराम:
दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. हे प्रयोग प्रामुख्याने पहिली ते पाचवीच्या मुलांवर झाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीच्या गटात बसवले की त्याला लाज वाटते, आणि वरच्या वर्गांत विषयवार शिक्षक असल्याने वाचन ही कोणाचीच जबाबदारी राहत नाही. खालच्या वर्गांत जे साधले ते वरच्या वर्गांत जसेच्या तसे साधेल, हे गृहीत धरून पैसे देऊ नयेत.

गोदाकाठ:
म्हणूनच वरच्या वर्गांसाठी संस्थेने वेगळी वाट धरली आहे. २०१५ पासून महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील गावांत पाचवी ते आठवीच्या मुलांचे छोटे गट शाळेच्या वेळेबाहेर टॅबलेटवर एकत्र शिकू लागले. वर्ग नाही आणि पाढे म्हणून घेणारे कोणी नाही, त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच हलका होतो. मात्र टॅबलेटचे आकर्षण ओसरल्यावर गट टिकतात का, हे देणगीदाराने विचारलेच पाहिजे.

खडूफळा:
माझा विरोध कायम आहे. तरीही पैसे देणारच असाल, तर त्याच आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज करा आणि आपल्या तालुक्यात सहावी ते आठवीची किती पदे मंजूर आहेत व त्यांपैकी किती भरली आहेत, ते विचारा. देणगीची पावती घेऊन घरी बसणाऱ्यांमुळेच आमच्या शाळांचे प्रश्न मागे पडतात.

अनामिका:
हे मान्य आहे आणि गटापुढे मी दोन्ही गोष्टी एकत्रच मांडणार आहे. रक्कम पाचवी ते आठवीच्या कामासाठीच वापरता येईल का, याचे लेखी उत्तर संस्थेकडून आधी मागवते, आणि अर्जाचा मसुदा तुम्ही तपासून द्याल का? मंजूर पदांची नेमकी नोंद कोणत्या कार्यालयाकडे मागायची, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत असेल.