काढा की बायपास? मामांच्या पायाबद्दल

तुमच्या मामांना पायाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीसाठी बायपास सांगितली आणि घरचे काढ्यावर अडून बसलेत, हे वाचून लिहितो. आमचे बाबा वावरातून घरी येता येता तीनदा थांबायचे, पोटरी धरून. घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजला, घोट्याचा भागिले दंडाचा, हे गुणोत्तर ०.६ निघालं. (०.९ च्या खाली म्हणजे पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा.) सर्जनच म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको. बिडी-खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद, गोळ्या सुरू, आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. खर्रा सोडवणं हेच खरं ऑपरेशन होतं बुवा! तीन महिन्यांनी पारापर्यंत न थांबता जायला लागले.

पण मामांना रात्री पडल्या पडल्याही दुखतं, अंगठा काळा पडलाय म्हणता. मग काढा, लेप, चिलेशनचं सलाईन (रक्तवाहिन्या साफ होतात म्हणून देतात ते) यात दिवस घालवू नका. नागपूरला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन गाठा. आणि शुगर असेल तर पाय शेकू नका, भाजलेलं कळत नाही.