अनुभव धागा : कायद्यातला पगार आणि हातात पडलेला पगार

महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या शिक्षकांचे किमान वेतन 1977 च्या सेवाशर्ती विनियमन अधिनियमाने आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीने बांधून दिलेले आहे. संस्था त्याहून कमी देत असेल, तर तिला त्या पातळीवर आणण्याचे लेखी निर्देश शिक्षण संचालकांनी द्यावेत, असे कलम 4 सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी कागदावर किती होते आणि हातात किती आले, एवढेच लिहावे, ही विनंती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीही जरूर लिहावे. शाळेचे व संस्थेचे नाव मात्र देऊ नये.

माध्यमिक शिक्षिका, मराठवाडा

मी 2004 साली ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचे नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या शाळेत रुजू झाले. महिनाअखेरीस लिपिक वेतनपत्रक समोर ठेवीत. त्यात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, इतकेच काय, व्यवसाय कराची कपातसुद्धा सुवाच्य अक्षरात ज्या त्या रकान्यात भरलेली असे. मी महसुली तिकिटावर आडवी सही करी आणि 1500 रुपयांचे पाकीट पर्समध्ये टाकून घरी येई. पुढे फार उशिरा लक्षात आले की कायद्याप्रमाणे पूर्ण पगार दिला जातो, याचा संस्थेकडचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे माझीच सही होती. तक्रार करायची झाली असती, तर आधी स्वतःच्या सह्या खोट्या ठरवाव्या लागल्या असत्या. 2009 मध्ये ‘कायम’ हा शब्द गेला, 2016 मध्ये 20 टक्के अनुदान जाहीर झाले आणि पुढे आमच्या शाळेलाही लागू होऊन ती रक्कम थेट बँकेत येऊ लागली. उरलेले 80 टक्के संस्थेने द्यायचे होते. संस्थेने ते दिले नाहीतच, उलट “आता तुम्हाला सरकारचा पगार सुरू झाला” असे म्हणून पूर्वीचे पाकीटही बंद केले.

प्राथमिक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

मी 2003 मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेवक, म्हणजे वेतनश्रेणी मिळण्याआधी ठरावीक मुदत मानधनावर काम करणारा शिक्षक, म्हणून लागलो. मानधन 3000 रुपये, मुदत तीन वर्षे. आमच्यात फसवणूक नव्हती. जे ठरले होते तेच मिळे, फक्त वेळेवर मिळत नसे, कारण पंचायत समितीत विचारले की ‘तरतूद आलेली नाही’ हे उत्तर ठरलेले. पाड्यावरच्या किराणा दुकानदाराच्या वहीत माझे पान वेगळे होते आणि त्यावर नावाऐवजी नुसते ‘गुरुजी’ लिहिलेले असे. वेतनश्रेणी कायम ठेवून तिच्या दाराशी तीन वर्षे कमी पैशांत उभे करण्याची ही युक्ती ज्या कोणाला सुचली, त्याच्या हिशेबीपणाला दाद द्यावी लागेल.

निवृत्त मुख्याध्यापक, पश्चिम महाराष्ट्र

वरच्या भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट सांगावीशी वाटते. कलम 9 खालचे शाळा न्यायाधिकरण बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांसारख्या बाबींची अपिले ऐकते. निव्वळ कमी पगाराची तक्रार तेथे चालत नाही, ती शिक्षण खात्याकडेच न्यावी लागते. आणि तक्रार पोहोचताच नोकरी गेली, म्हणजे मग न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळा होतो! माझ्या एका सहकाऱ्याचे असेच झाले. त्याला पुन्हा रुजू व्हायला सहा वर्षे लागली.

शाळेतील लिपिक

वेतनपत्रके मीच लिहिली आहेत. माझा स्वतःचा पगारही त्याच पत्रकात आणि त्याच पद्धतीने होई, एवढेच सांगतो.

शिक्षणसेवक, 2024 ची भरती

शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलमार्फत निवड झाली. 1 जानेवारी 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयाला 20,000 रुपये झाले आहे, त्यामुळे जुन्या शिक्षणसेवकांच्या मानाने माझी स्थिती पुष्कळ बरी आहे. तरीही माझ्याच पात्रतेच्या नियमित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 29,200 पासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. आणि भिंतीपलीकडचा वर्ग घेणाऱ्या मॅडमच्या आणि माझ्या कामात पटाचा फरक आहे तो दोन मुलांचा. ‘शालार्थ’ या सरकारच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतला क्रमांक मिळेपर्यंत चार महिने गेले, त्या काळात खोलीभाडे वडिलांनी भरले. थकबाकी नंतर एकरकमी जमा झाली, हेही नोंदवतो.