नेपाळमध्ये घरगुती हिंसेवर फिल्डवर्क, कुणी केलंय का?

करवीरकर_पोरगी:
शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतेय, विषय बायकांना घरात होणारी मारहाण, आणि गाईडनी तुलनेला नेपाळमधला एक जिल्हा घ्यायला सांगितलाय. इकडं कागल, राधानगरीत मुलाखती झाल्यात, तिथं "कुणाची गं तू" पासनं सुरुवात होते आणि पाव्हणं कुठलं तरी निघतंच. तिकडं मी परकी, त्यात नेपाळी समजते थोडी पण बोलता येत नाही. दुभाषी त्याच गावातली घेऊ का? आणि सरळ विचारलं तर कोण सांगणार?

पन्हाळ्याची_माई:
अगं गावातली अजिबात नको, दिवसभर तुझ्याबरोबर फिरून ती संध्याकाळी त्यांच्याच चुलीपाशी बसणार. लांबच्या गावची, संस्थेत काम केलेली बाईच बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सूचना आहेत खास ह्याच विषयावर, त्या आधी वाच. एका घरात एकाच बाईशी बोलायचं, गावाला 'बायकांचं आरोग्य' एवढंच सांगायचं, खरा विषय फक्त तिला, एकटी असताना, आणि हो म्हणाली तरच पुढं.
आम्ही शिरोळकडं सर्व्हे करताना सून बोलती झाली की सासू तांदळाचं ताट घेऊन शेजारी हजर! पोरींना शिकवलेलं, लगेच पान उलटायचं आणि बाळाला गोवरची लस दिली का, पाणी कुठनं आणता, हे सुरू करायचं. सासू कंटाळून उठते. नाहीच उठली तर मुलाखत बंद, आकडा कमी पडला तर पडू दे.

आकडेवाला_भाऊ:
"हिंसा होते का" असं विचारू नका, निम्म्या बायका नाहीच म्हणतील, आपल्या पण. नवऱ्यानं थोबाडीत दिली का, ढकललं का, लाथ घातली का, असं एकेक विचारायचं. आरोग्य संघटनेचा २००५ चा दहा देशांचा अभ्यास असाच झालाय, २४ हजारांवर बायका, जोडीदाराकडनं कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक त्रास झालेल्या जपानच्या शहरात १५ टक्के तर इथिओपियाच्या खेड्यात ७१. नेपाळ त्यात नाही, पण प्रश्न वापरता येतील, फक्त नेपाळीत करून दुसऱ्या कुणाकडनं परत मराठीत आणून बघा काय उरतंय.
आणि तुलना म्हणजे कोण जास्त मारतंय असला तक्ता नको, मुलाखत घेणारी पोरगी बदलली तरी आकडा हलतो. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ ला बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केलेला, देशाचा २००५ ला आला, नेपाळचा २००९ ला. म्हणून आपण लई सुधारलेलो असल्या सुरात तिकडं गेला तर कोण दारात उभं करणार नाही.

करवीरकर_पोरगी:
भारी, धन्यवाद दोघांना. पण गाईड म्हणतात संमतीपत्रावर सही पाहिजेच आणि एक प्रत तिच्याकडं ठेवायची.

पन्हाळ्याची_माई:
तो कागद नवऱ्याच्या हातात पडला म्हणजे?? एथिक्स कमिटीला तोंडी संमतीसाठी लेखी कारण दे, मान्य करतात. आरोग्याचं नाव लावणार असशील तर नेपाळ हेल्थ रिसर्च कौन्सिलची मंजुरी पण लागेल, तो अर्ज आधी टाक. मदतीचा नंबर द्यायचाच, पण छोट्या कार्डावर, दवाखाना आणि अँब्युलन्सच्या नंबरांमध्ये मिसळून. आणि आधी तिला विचार, कार्ड घरी नेलं तर चालतंय का. नको म्हणाली तर पाठ करून घे तिच्याकडनं.