आई झाल्यावरची पीएचडी, आई झाल्यावरची नोकरी : कोल्हापूर परिसरातले अनुभव

प्राध्यापक बाईचं काम बाहेरून पाहणाऱ्याला हलकं वाटतं. दिवसाला तीन-चार तास, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. बाईमाणसाला याहून बरी नोकरी कुठली, असं स्थळ बघतानासुद्धा बोललं जातं. तासांची तयारी, प्रॅक्टिकल, सुपरव्हिजन, कॅपला (विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रावर) पेपर तपासणं, प्रवेशाची कामं, नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या) फायली हे कुणाला दिसत नाही. या सगळ्यातून उरलेल्या वेळात संशोधन करायचं असतं. त्यात नेट-सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा), पीएचडी, पहिली नोकरी आणि पहिलं मूल ही चारही कामं पंचविशी ते पस्तिशीतच येऊन पडतात.

म्हणून कोल्हापूर शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या आयांना विचारलं : तुम्ही कशामुळं टिकलात, कशानं अडलात, आणि मागून येणाऱ्या पोरीला काय आधीच ठाऊक असायला हवं? ज्यांनी सोडून दिलं त्यांनीही लिहावं, असं मुद्दाम सांगितलं. "नियोजन केलं की सगळं जमतं" असं लिहिणार असाल तर त्या नियोजनात दुपारी मूल कुणाकडं होतं, तेही लिहा, एवढी एकच विनंती होती.

सुरुवात माझ्यापासून. माझा विषय इतिहास. पीएचडीचं काम करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या शिक्षणावर, साधनं बहुतेक मोडी लिपीत, आणि ती इथल्या पुरालेखागारात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे पुस्तकात एका ओळीत येतं. त्यामागचा कागद न् कागद वाचायचा तर रुमाल (जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडून बसावं लागतं, तेही कचेरीच्या वेळेत. रात्री बाळ झोपल्यावर करता येईल असं हे काम नव्हे. माझी आई गडहिंग्लजहून येऊन आमच्याकडं राजारामपुरीत राहिली म्हणून प्रबंध झाला. वडील तिकडं एकटे, त्यांचं जेवणखाण भावजय बघायची. माझ्या एका पदवीसाठी दोन घरांची घडी बदलली. जिची आई अशी येऊ शकत नाही तिनं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. पुढं बाकीच्यांची उत्तरं, त्यांच्याच शब्दांत.

भौतिकशास्त्र, पीएचडी पूर्ण

शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर (पदार्थाच्या अतिशय पातळ थरांवर) बरीच वर्षं काम चालतं, मीही त्यातच होते. माझ्याकडं कॅडमियम सल्फाइड होतं. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया एकत्र करून त्या द्रावणात काच बुडवून ठेवायची, की तिच्यावर हळूहळू पिवळा थर चढतो. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी मला बाकी काही सुचलं नाही, डोक्यात फक्त कॅडमियम. ते शरीरात गेलं की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गर्भालाही अपाय करतं.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत. पण बाळाचे अवयव घडतात ते नेमके याच महिन्यांत. मी लगेच माझ्या गाइड सरांना सांगितलं. वडिलांच्या वयाचे, त्यामुळं संकोच फार वाटला. त्यांनी एवढंच विचारलं, "बसून होईल असं कुठलं काम शिल्लक आहे?" बाथचं (द्रावणात काच बुडवण्याचं) काम आमच्या ज्युनिअर मुलानं घेतलं, त्याच्या एक्सआरडीच्या (क्ष-किरण चाचणीच्या) आलेखांचं विश्लेषण मी घेतलं, आणि पेपरवर दोघांची नावं आली. लॅबमधल्या पोरींनो, तीन महिने थांबू नका. घरात नका सांगू वाटल्यास, पण गाइडना सांगा. डीएमएफसारखी (डायमिथाइल फॉर्मामाइड) रोज हाताळायची सॉल्व्हंटसुद्धा गर्भाला घातक आहेत.

दुसरी गोष्ट रजेची. "रिसर्च स्टुडंटला बाळंतपणाची रजा नसते," असं एका टेबलावर मला ठामपणे सांगितलं गेलं. ती असते. पीएचडीच्या संपूर्ण काळात, २४० दिवसांपर्यंत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत होती, २०२२ च्या नियमांतही आहे. मी ते पान छापलं, ओळीखाली रेघ मारली, अर्जाला जोडलं. मग कुणी काही बोललं नाही.

मराठी, सीएचबी (तासिका तत्त्वावर)

वरचं वाचून बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर पोटात तुटलंही. आम्हा तासिका तत्त्वावरच्या बायकांना रजा हा शब्दच लागू नाही. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. नेमणूक दरवर्षी नव्यानं. मी सकाळी कागलला आणि दुपारी गारगोटीच्या बाजूला एका ठिकाणी जायचे. एसटी चुकली की वडापनं (खासगी प्रवासी जीपनं). सातव्या महिन्यापर्यंत असाच प्रवास केला. बाळंत झाले, तेवढ्यात माझे तास दुसऱ्या मुलीला दिले. तिच्यावर माझा राग नाही, तीही सेट होऊन घरी बसलेली होती. पुढच्या जूनला इंटरव्ह्यूला गेले तर समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मूल लहान आहे, जमेल का?" त्याच खोलीत माझ्या आधी आत गेलेल्या उमेदवारालाही लहान मूल होतं. तो बाप होता, त्याला कुणी विचारलं नाही.

जागा मिळाली, शिकवते आहे. मानधन उशिरा येतं. मुलगी आता बालवाडीत जाते. पीएचडीची नोंदणी केली आहे, फी आईनं गाईच्या दुधाच्या पैशातून भरली. सेट पास झाले त्या दिवशी जेवढी हौस होती तेवढीच आजही आहे. वर्गात उभी राहिले की मी दुसरीच बाई असते. माझं मागणं मोठं नाही. बाळंतपणानंतर पूर्वीचे तास परत मिळावेत, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवावं.

एका प्राध्यापिकेच्या सासूबाई, कसबा बावडा

सुनेनं मोबाईल हातात दिला आणि म्हणाली, तुम्हीच सांगा. मी सातवी शिकलेली. ती मुलाखतीला निघाली तेव्हा नात चार महिन्यांची. शेजारणी म्हणायच्या, एवढ्या लहान पोरीला सोडून? मी म्हटलं, "तू जा की, पोरीला मी बघतो." मला दहावी करायची होती, वडलांनी लगीन लावून दिलं. म्हातारपणी अंगावर पोर घेऊन फिरायला कंबर दुखायची, ते पण लिही म्हटलं हिला. दोन वर्षं मी कुठल्या लग्नाला गेले नाही.

संख्याशास्त्र, आता बँकेत

मी सोडलं. गाइड चांगले होते, नवराही चांगला होता, छळ कुणी केला नाही. मुलाला लहानपणापासून दम्याचा त्रास. हिवाळ्यात आठ-आठ रात्री बसून काढाव्या लागायच्या. पीएचडीनंतर नोकरी कुठं आणि कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, घराचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला होता. बँकेची परीक्षा दिली. "एवढी हुशार पोरगी, वाया गेली" हे वाक्य नातेवाईकांनी आता बंद करावं. मी शांत झोपते.

वाणिज्य, अनुदानित महाविद्यालय

बढतीसाठी ओरिएंटेशन (प्राध्यापकांचा प्रशिक्षण कोर्स) लागायचं, काही आठवडे, दुसऱ्या शहरात राहून. पुढं ढकलत ढकलत शेवटी २०१९ च्या पावसाळ्यात गेले, मुलगा वर्षाच्या आतला. तो घरी सासरच्यांकडं. आणि ऑगस्टमध्ये पूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, कोल्हापूरला यायचा रस्ताच बंद. घर उंचावर होतं, सगळे सुखरूप होते, पण वीज नाही, नळाला पाणी नाही, फोन लागला तर लागला. इकडं मला दूध दाटून ताप आलेला. वर्गात स्लाइड चालू असायच्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकत होते. सोबतच्या नांदेडच्या बाईंनी छातीवर ठेवायला कोबीची पानं आणून दिली, त्यांचं ऋण आयुष्यभर राहील.

कोविडनंतर असे बरेच कोर्स ऑनलाइन मिळू लागले. त्याच्या दर्जाबद्दल लोक नावं ठेवतात. ठेवोत. लहान मुलं असलेल्या बायकांसाठी ही सोय कधीही काढून घेऊ नये.

प्राध्यापिकेची मुलगी, अभियांत्रिकी

आई कुठल्या वर्षी काय शिकवायची ते मला माहीत नाही. पण मे महिन्यात आम्हाला आजोळी पाठवून ती कॅपला पेपर तपासत राहायची, याचा मला लहानपणी राग यायचा. आता मी स्वतः आई आहे. ती तेव्हा रोज संध्याकाळी रंकाळा तलावावरून एकटी चालत घरी यायची आणि तो वेळ तिला फार आवडायचा, असं तिनं परवा सांगितलं. ऐकून मला आनंद झाला.

रसायनशास्त्र, मार्गदर्शक

माझ्याकडं आजवर ज्या मुलींनी पीएचडी केली त्यांत बहुतेकींचं लग्न किंवा बाळंतपण मधल्या काळात झालं. मी विभागात पहिली गोष्ट केली ती म्हणजे संध्याकाळी पाचच्या बैठका सकाळी अकराला आणल्या. काही पैसे लागले नाहीत. पुरुष सहकाऱ्यांनाही मुलांना शाळेतून आणायला जाता यायला लागलं.

नियम तोंडपाठ ठेवा. २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला सहा वर्षं, पुनर्नोंदणीची दोन, आणि स्त्रियांना आणखी दोन, अशी मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. नोकरीतल्यांसाठी : यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत बढतीचं मूल्यांकन करताना प्रसूती रजा आणि बालसंगोपन रजेचा काळ वगळायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची. मधे खंड पडलेल्यांनी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या महिला वैज्ञानिकांसाठीच्या योजना बघाव्यात. चाळिशीनंतरही अर्ज करता येतो.

पाळणाघराचं मात्र आमच्याकडं अजून जमलेलं नाही. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं ते हवं, असं २०१७ मध्येच कायद्यात आलं. आमच्याकडं जुन्या स्टोअरची खोली रिकामी आहे, तळमजल्यावर, उजेड चांगला, नळही शेजारी. प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. सीएचबीवाल्या बाईंनी मागितलेला मुद्दा, पूर्वीचे तास परत देण्याचा, त्यात आज घातला. ज्यांना आपापल्या महाविद्यालयात असा अर्ज द्यायचा आहे त्यांनी कळवा, मजकूर पाठवते. जूनमध्ये नवीन वेळापत्रक लागायच्या आधी द्यायला हवा.