दया, कृपा, क्षमा, प्रायश्चित्त: कुठे काय लिहावं?

प्रश्न (वानवडी): रविवारच्या मराठी उपासनेच्या पत्रिकेसाठी एका प्रवचनाचं भाषांतर करतोय. देवाची ‘दया’, ‘कृपा’, ‘क्षमा’ आलटूनपालटून लिहिलं तर चालेल ना?

उत्तर (रास्ता पेठ): नको. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला, धन्याचं मोठं देणं असलेल्या दासाचा दृष्टान्त समोर ठेवा. दासाचं देणं १०,००० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं! तो मागतो फक्त मुदत. धनी कर्जच सोडून देतो. २७व्या वचनातली दोन ग्रीक क्रियापदं पाहा. पहिल्याच्या मुळाशी आहे ‘स्प्लांख्ना’, म्हणजे आतडी. आपल्याकडे आतडं तुटतं, तेच. ही दया, ‘कळवळा’ तर त्याहून नेमका. दुसरं ‘आफिएमी’, सोडून देणं. ही क्षमा. कळवळा आधी, सुटका नंतर. कृपा म्हणजे ‘खारिस’: लायकी नसताना मिळालेलं देणं. तिथे पापाचा उल्लेख असेलच असं नाही.

प्रश्न (वानवडी): ‘माफी’ हलका शब्द म्हणून खोडला गेलाय.

उत्तर (घोरपडी): प्रार्थनेत ‘क्षमा’ रुळलाय, तो ठेवा. पण प्रवचनात ‘माफी’ मुळीच हलका नाही. प्रभूच्या प्रार्थनेत लूक ‘पापे’ म्हणतो (११:४), मत्तय ‘ऋणे’ (६:१२). कर्जमाफी कुठल्याही मराठी माणसाला कळते, आणि माफ झालेली रक्कम कुणाला तरी सोसावी लागते हेही. ती ख्रिस्ताने क्रुसावर सोसली, ही तर श्रद्धेची गाभ्याची गोष्ट.

उत्तर (कॅम्प): खरा घोटाळा ‘प्रायश्चित्त’ शब्दाचा. मराठी बायबलात १ योहान २:२ मध्ये ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. कॅथलिक पापनिवेदनात मात्र फादर सांगतात ती प्रार्थना किंवा सत्कृत्य म्हणजे प्रायश्चित्त. तिथला क्रम असा: मनाची तपासणी, पश्चात्ताप, पापं सांगणं, मग फादरांकडून पापमुक्तीचे शब्द. नेमून दिलेलं प्रायश्चित्त सहसा त्यानंतर पुरं करतात. म्हणून ‘प्रायश्चित्त घेतल्याने क्षमा मिळते’ हे वाक्य प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक, दोन्ही परंपरांत चूक. मराठी वाचक ते ‘दंड भरला, सुटलो’ असंच वाचणार.

आणखी एक. उपासनेतल्या ‘प्रभू, दया कर’ या प्रतिसादाच्या जागी ‘क्षमा कर’ घालू नका. आंधळा बार्तीमय ‘माझ्यावर दया कर’ असंच ओरडतो (मार्क १०:४७), आणि येशूने विचारल्यावर मागतो ती दृष्टी, पापांची क्षमा नव्हे.